शिक्का पुसट आहे

चार वर्षांपूर्वी आरोग्य विमा कचेरीच्या ज्या खिडकीबाहेर एदिल्सा बोडक्या डोक्याने ठाण मांडून बसली होती, त्याच खिडकीच्या आत आता तिची खुर्ची होती. कर्करोगात एक स्तन गेला, पण औषध हातात पडेपर्यंत ती जागची हलली नाही. सिन्सेलेहो शहरभर बोभाटा झाला. कचेरीतली माणसं काही दुधखुळी नव्हती. तिला गप्प करण्याऐवजी त्यांनी तिला कामावर घेतलं आणि गळ्यात बिल्ला अडकवला: रुग्णांची कैवारी.

त्या सकाळी कचेरीप्रमुख उरुएता साहेबांनी स्वतः तिच्यापुढे काळी कॉफी आणून ठेवली.

"औषध आलेलं नाही. पण तसं बोलायचं नाही, नाहीतर सगळ्या बाया कोर्टात पळतील. कागदावरचा डॉक्टरांचा शिक्का पुसट आहे म्हणा. नवा आणेपर्यंत महिना निघतो."

"साहेब, मलाही हेच सांगितलं होतं तुम्ही."

"म्हणून तर तुम्हाला छान जमेल." साहेब हसले. "बरं, तुमच्या गोळ्यांचा कागद माझ्याकडे सहीला पडलाय. आठवण करून द्या हं."

गोळ्या सहा दिवसांच्या उरल्या होत्या. एदिल्साला शरम वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली.

पहिला नंबर नेलीसचा. दोन बस बदलून आलेली, डोक्याला फडकं. एदिल्सासाठी तिने चीज भरलेली युका कंदाची भजी बांधून आणली होती. तिच्या कागदावरचा शिक्का चांगला ठसठशीत होता.

"शिक्का पुसट आहे," एदिल्सा म्हणाली.

नेलीसने कागद उजेडात धरला. "मला तर दिसतोय, ताई."

"मशीनला दिसत नाही."

नेलीसने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर इथंच बिऱ्हाड मांडलं असतं, तुमच्यासारखं. पण तुम्ही यातून गेलेल्या. तुम्हाला कळतं." खिडकीतून हात घालून तिने एदिल्साचा हात दाबला आणि मागे वळली.

"अगं बायांनो, आपापले शिक्के बघा. पुसट असतील तर उगाच उन्हात ताटकळू नका. ताई आपल्यातल्या आहेत, त्या खोटं नाही सांगायच्या."

बाकावरच्या सहा जणी उठल्या. एदिल्साने एकीलाही थांबवलं नाही.