डाव्या गालावरचा तीळ

"बाबा, फोटोच्या दिवशी शाळेत माझ्याऐवजी कोण जातं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हे. मैत्रिणींनी पैज लावली होती: घरी हे जसंच्या तसं विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या बाटल्या तू भरायच्या. आणि हल्ली मला कुणी 'दाखव' म्हटलं की मी दाखवतेच!

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मात्र मी केसांच्या आत राहायचे. माझ्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जांभळट डाग आहे, जन्मापासूनचा, तळहाताएवढा. त्यावर केसांचा पडदा. मग वक्तृत्व स्पर्धेत ऐन भाषणात पंख्याने माझे केस तोंडात घातले. मी वैतागून ते कानामागे खोचले, भाषण पूर्ण केलं आणि दुसरा नंबर काढला. दुसऱ्या दिवसापासून केस करकचून मागे. कुणी बेशुद्ध पडलं नाही. पहिलीतल्या एका चिमुरडीने तेवढं विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं," आणि पळाली. बस्स! चौदा वर्षं मी या एका 'बरं'ला घाबरत होते!

आमच्या शाळेचे फोटो बाबांच्याच स्टुडिओकडे असतात. फोटोच्या दिवशी मी स्टुलावर बसले आणि मुद्दाम डावा गाल कॅमेऱ्याकडे केला. बाबा म्हणाले, "मान सरळ." मी म्हटलं, "असाच काढा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काढला. मला वाटलं, कळलं त्यांना. उड्या मारतच वर्गात गेले.

आज फोटो आले. माझ्या बाकावरच्या चष्मेवालीने माझा फोटो हातात धरून निरखला. "ए, तुझा तीळ उजव्या गालावर आहे ना? मग हा डावीकडे दुसरा कुठून आला?" सगळा बाक फिदीफिदी हसला. नक्की जुळी बहीण आहे हिला, फोटोच्या दिवशी तीच येते! सगळ्यांत मोठ्याने मी हसले. फोटोत केस मागे, मान वळवलेली, आणि गाल धुतलेल्या बशीसारखा स्वच्छ. डागाबद्दल कुणीच काही बोललं नाही. मग पैज लागली.

तर शाळा सुटल्यावर थेट स्टुडिओत. बाबा कॉम्प्युटरसमोर, आई काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत बसलेली. मी प्रश्न फेकला.

"तूच जातेस, ठमाबाई. दुसरं कोण जाणार?" बाबा पाठमोरेच म्हणाले.

मी फोटो त्यांच्या नाकासमोर धरला आणि तिळावर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अरेच्चा! जुन्या फोटोतून उजव्या गालाचा तुकडा उचलून डावीकडे लावला ना मी, त्याच्याबरोबर तीळही गेला. तीनशे पोरांची घाई होती गं. थांब, आत्ता काढतो."

आणि ते खरंच काढायला बसले. पडद्यावर माझा गाल परातीएवढा झाला.

"बाबा, तीळ राहू द्या. मूळ फोटो दाखवा."

"मूळ कुठला? काम झालं की उडवून टाकतो मी."

"मागच्या वर्षीचा?"

"नाही."

"पाचवीतला? पहिल्या वाढदिवसाचा?"

आईची कात्री थांबली. "त्या वेळी तर भिंगाखाली धरून ब्रशने करायचे ते," ती म्हणाली. "एकेका फोटोला दोन दोन दिवस." सांगताना तिला केवढा अभिमान!

म्हणजे कुठेच नाही. चौदा वर्षं, तीन अल्बम, आणि एकाही फोटोत मी नाही. स्टुडिओच्या भिंतीवर नमुना म्हणून मी सहा वर्षांची असतानाचा माझा फोटो लावलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, "किती गोड मुलगी!" मी शेजारीच उभी असते आणि त्यांना ओळख पटत नाही. मला वाटायचं, मी मोठी झाले म्हणून.

"का, बाबा?"

"का म्हणजे?" त्यांना खरंच प्रश्न कळला नाही. "दिवसभर लोकांच्या पोरांचे मुरूम काढतो मी. आणि स्वतःच्या पोरीला तसंच सोडू? बाकीच्यांना दोन मिनिटं देतो. तुला पाऊण तास देतो."

पाऊण तास. म्हणजे माझा डाग जगात सगळ्यांत जास्त यांनीच पाहिलाय. त्याची कड कुठे वळते, कानापाशी कुठे फिकट होते, मला आरशातही दिसत नाही इतकं. आणि इतकं पाहून त्यांनी त्यातला कणही ठेवला नाही.

"मीच सांगितलं होतं त्यांना," आई हळूच म्हणाली. "तुझा पहिला अल्बम बघायला बायका यायच्या. तुझ्यापाशी आल्या की पान भरकन उलटायच्या. मला नाही बघवायचं गं. मग त्यातले सगळे फोटो यांच्याकडून पुन्हा करून घेतले."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ती बोलत होती माझ्याशी आणि बघत होती माझ्या उजव्या गालाकडे. नेहमीच बघते. आज लक्षात आलं. चिमुरडीचं ते 'बरं' मी आठवून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. ती बाहेरची होती.

"झालं!" बाबा खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले. "बघ, आता कुणाच्या बापाला कळणार नाही." तीळ गेला होता.

स्पर्धेत तीनशे जणांसमोर मी एकदाही अडखळले नव्हते. इथे दोघांसमोर पहिलंच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

"शाळेच्या वार्षिक अंकात बक्षीसवाल्यांच्या पानावर हा फोटो जाणार आहे. मी तो देणार नाही. उद्या बाईंना सांगणार आहे, माझ्या नावावर चौकोन रिकामा ठेवा."

"अगं, सगळ्यांचे फोटो आणि मधेच भोक? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"म्हणू देत."

"नवीन काढू या ना," बाबा उठलेच. "चल, बस. पाच मिनिटांचं काम." त्यांनी दिवा लावला, स्टूल ओढलं आणि सवयीने ते असं ठेवलं की माझा डावा गाल भिंतीकडे जावा.

त्यांच्या हे लक्षातही आलं नाही. मी दप्तर खांद्यावर घेतलं.

"नाही, बाबा. आई, तूही ऐक. यापुढे तुमच्यासमोर या स्टुलावर मी बसणार नाही. माझं ठरलंय."