आरशावरचा ठसा

निरोप आला त्या दिवशी माझ्या अंगावर ओले मोजे वाळत होते. मी दुर्बीण आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहते. मोजे टाकणारी माझ्या मालकिणीची नणंद, भावाला सोबत म्हणून आलेली. माझी मालकीण, दातांची डॉक्टर, तीन आठवड्यांपूर्वी गेली.

मी तिच्याच हातची. पिंपावर काच, त्या काचेवर दुसरी काच ठेवून, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी घालून, पिंपाभोवती फिरत फिरत तिने माझा आरसा घासला.

"दिवसभर दात घासतेस, संध्याकाळी काचा," नवरा म्हणायचा.

"काच आई गं म्हणत नाही," ती म्हणायची.

जायच्या थोडेच दिवस आधी आरसा काढून परत बसवताना तिचं बोट कडेला टेकलं आणि ठसा उमटला. "राहू दे, पुढच्या धुण्यात जाईल," ती म्हणाली. आमच्यात आरसा पुसत नाहीत. फडक्याने ओरखडे पडतात. वर्षा-दोन वर्षांनी अलगद पाण्याने धुवायचा.

आमचं काम साधं. एक तारा धरायचा आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा: याच्यापेक्षा मंद, त्याच्यापेक्षा उजळ, आणि त्यावरून तेजाचा आकडा लिहायचा. कालचा अंदाज मात्र विसरून बघायचं, नाहीतर डोळा खोटं बोलतो. नवरा मुद्दाम जिन्यातून कालचा आकडा ओरडायचा आणि बाईसाहेब त्या दिवशीची नोंदच रद्द करायच्या. मग जेवताना अबोला.

तिचा लाडका तारा लहरी होता. वर्षानुवर्षं नीट तेवायचा आणि मध्येच स्वतःच्याच काजळीआड दडायचा. "तुझ्या भट्टीच्या धुराड्यासारखा आहे. अरे, एकदा बघ तरी!" ती नवऱ्याला म्हणायची.

नवरा बेकरीवाला. पहाटे भट्टी लावायची, म्हणून दिवेलागणीलाच जांभया. "उद्या बघतो," तो म्हणायचा. असे पुष्कळ उद्या होऊन गेले.

तर त्या दिवशी तिच्या फोनवर हौशी निरीक्षकांच्या मंडळाचा निरोप आला. नणंदेने तो इथेच, मोजे उलटे करता करता, मोठ्याने वाचला. तारा काळवंडत असताना बाकी सगळ्या सभासदांकडे ढग होते. तेवढ्या दिवसांच्या नोंदी मंडळाकडे फक्त बाईंच्या होत्या. ढग अजून हटले नव्हते. तारा परत उजळू लागलाय का, हे बाई आज बघतील का?

"दादा, त्यांना कळवायला हवं रे. वहिनी नाही म्हणून."

"कळवू," तो म्हणाला. "आधी तारा बघू. तिच्या नोंदीत आणखी खंड नको. आणि ते मोजे काढ."

अंधार पडताच दोघांनी मला बाहेर ढकललं. नणंदेने आत डोकावून पदर सरसावला. "शी, केवढी धूळ! थांब, पुसते."

"हात लावू नकोस!" तो असा ओरडला की मला वाटलं, बाईच आल्या. म्हणजे इतकी वर्षं जांभया देत का होईना, हा ऐकत होता तर.

पुढे मात्र फजिती. माझ्यात सगळं उलटं दिसतं. तारा डावीकडे सरकला की हा मला नेमका नको तिकडे ढकले. "पळतोय गं हा!"

"तूच पळवतोयस. उलटं ढकल!"

शेवटी तिच्या ताऱ्यांच्या नकाशावरून सापडला. तो बराच वेळ डोळा लावून राहिला.

"खालच्या शेजाऱ्यापेक्षा किंचित उजळ."

"किंचित म्हणजे? आणि वहिनीचा शेवटचा आकडा किती होता?"

"तो सांगायचा नसतो. पाव भाजला की नाही ते रंगावरून कळतं ना मला? तसंच हे."

त्याने अंदाज कळवला, आणि त्याखाली बाई गेल्याचंही. पुढे ढग हटले आणि इतरांचे अंदाज आले. त्याचा बरोबर होता. तारा काजळीतून बाहेर येत होता.

आता तो रोज येतो. जांभया देतो, मला उलट्या दिशेला ढकलतो, स्वतःवर चिडतो. माझी तक्रार नाही. तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला बाहेर काढा. एखाद्या रात्री आकाश कदाचित तुमच्याशिवाय कोणालाच मोकळं नसेल.

परवा त्याने बादली भरून आणली, आरसा काढला, तिरका धरून कडेचा ठसा पाहिला. मग आरसा परत बसवला आणि ते पाणी झाडांना घातलं.

आरसा धुवायचा राहिला आहे.