बाबलीचं तळं

माझा नवरा काशीराम मुंबईच्या प्राणीबागेत नोकरीला आहे, हे आमच्या आरोंदा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नोकरी कसली, हे फक्त मला ठाऊक होतं. तो गटार साफ करायचा. हरणांच्या आवाराला लागून एक उघडं गटार गेलं होतं, ते सकाळ-दुपार खराट्याने लोटायचं आणि मधल्या वेळात कचेरीतल्या टेबलांवरची धूळ झटकायची. गावात मात्र तो वाघाला हाताने भरवत असे.

शिमग्याला गावी आलेला चाकरमानी फुशारक्या मारणारच, त्यात नवल नाही. गिरणीतला हमाल गावच्या वेशीवर साहेब होतो आणि परतीच्या बोटीत पुन्हा हमाल होतो. पण माझा नवरा या कामात अस्सल कारागीर होता. तो खोट्यात नेहमी थोडं खरं मिसळायचा, म्हणून त्याचं पचून जायचं. अठ्ठावन्न सालच्या शिमग्यात गाव जमतो त्या मांडावर बसून त्याने सांगितलं, की बागेत आफ्रिकेतून जिराफ आलाय, पाणघोड्याची जोडी यायची आहे, आणि पुढे पाणमांजरांसाठी दगडी तळं बांधणार आहेत, त्यात बारमाही पाणी आणि रोज ताजी मासळी. हे सगळं खरं होतं. तळ्याचा नकाशा त्याने धूळ झटकताना साहेबांच्या टेबलावर पाहिला होता. "काशीराम, तळ्यासाठी पहिलं जनावर तुझ्या गावच्या खाडीतलंच आण," असं साहेब म्हणाले, हे मात्र त्याने तिथल्या तिथे रचलं. मी बायकांत बसून ऐकत होते आणि मनातून त्याला शिव्या घालत होते.

माझ्या शेजारी यमुनाकाकी बसली होती. आमच्या कुंपणापलीकडचं घर तिचं. नवरा खाडीत बुडाला, मूलबाळ नाही, डोक्यावर पाटी घेऊन बांद्याच्या बाजारापर्यंत मासे विकायला जायची. चार वर्षांपूर्वी जाळेवाल्यांनी पाणमांजराची एक मादी मारली, तेव्हा तिचं अजून डोळे न उघडलेलं पिल्लू काकीने पदरात घालून घरी आणलं आणि कापसाच्या वातीने दूध पाजून जगवलं. त्याचं नाव बाबली. बाबली तिच्या मागोमाग बाजारवाटेने बांधापर्यंत जायची आणि संध्याकाळी तिथेच वाट बघत बसायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे. मी एकदा कौतुकाने बांगडा पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं होतं.

पण बाबली वाढली तशी जाळी फाडू लागली. तुकाराम तांडेलाने काकीला दारात येऊन बजावलं होतं, की पुन्हा जाळ्यात दिसली तर कोयत्याने दोन तुकडे करीन. तुकाराम बोलतो ते करतो. काकी त्या दिवसापासून बाबलीला बाजेच्या पायाला बांधून बाजारात जायची, आणि बाबली दिवसभर गळा काढायची. त्यामुळे त्या रात्री मांडावर पाणी आणि मासळीचं नाव निघाल्यावर काकीचे डोळे कसे झाले, ते मी पाहिलं. मी तिथेच तिचा हात दाबून खरं सांगायला हवं होतं. नवऱ्याची अब्रू मला तिच्यापेक्षा जवळची होती.

सकाळी ती बाबलीला काखेत घेऊन आमच्या पडवीत आली. काशीरामला म्हणाली, देवीकडे कौल लावला, तिने उजवी कळी देऊन होकार दिला. तू घेऊन जा.

आमच्याकडे चाकरमान्याला कुणाची वस्तू नाकारता येत नाही. गावातल्या कुणाचंही फणस-कोकमाचं गाठोडं, सुकटीची पिशवी, सुनेसाठी दिलेला पाटा, काहीही असो, मुंबईला न्यावंच लागतं. नाही म्हटलं की माणूस माजला, हे वर्षभर साऱ्या वाडीत फिरतं. काशीराम पाटा सुखाने घेऊन गेला असता. जिवंत पाणमांजर नको म्हणायला त्याला एकच वाट होती, मी गटार लोटतो म्हणून सांगायची. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"दे, काकी," तो म्हणाला. "पयलो मान तुझ्या बाबलीचो."

काकीने झाकणाच्या टोपलीत आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा अंथरला. वासाने जनावर शांत राहील म्हणाली. वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत ती आमच्याबरोबर आली, आणि बोट हलेपर्यंत जिभेने टाळूवर टकटक वाजवत राहिली. बाबलीला हाक मारायची तिची ती रीत होती.

बागेच्या फाटकावर काशीरामला टोपलीसकट हाकलून दिलं. बरोबरच होतं त्यांचं. तळं अजून कागदावर होतं, आणि जनावर घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला, खात्याचं पत्र, सगळं लागतं. गटारवाल्याने टोपलीतून आणलेलं जनावर कोण घेईल? वर मुकादमाने विचारलं, की हे खायला आणलंस काय. तो टोपली घेऊन आमच्या चाळीतल्या खोलीत परत आला.

त्या दहा बाय बारात बाबली अकरा दिवस होती. मोरीत तिला बांधली. आम्ही बोंबील दिले, कोळंबी दिली, काशीरामने जबडा उघडून बळेच कोंबून पाहिलं, तेव्हा तिने त्याचा अंगठा फोडला आणि त्याने तिला पाट फेकून मारला. पाचव्या दिवसापासून ती मोरीतून उठेनाशी झाली. हिरव्या तुकड्यात नाक खुपसून पडून असायची. कुणाचीही जीभ टाळूला लागली, शेजारीण नुसतं चकचक करून हळहळली, तरी मान वर करायची आणि पुन्हा टाकायची. खोलीला घाण वास मारत होता, शेजारी भांडायला येत होते, मला झोप नव्हती. मर एकदाची, असं मी तिला तोंडावर म्हटलं. अकराव्या दिवशी ती मेली. काशीरामने तिला त्याच तुकड्यात गुंडाळून पालिकेच्या कचरापेटीत टाकलं आणि कामावर गेला.

काकीला पत्र लिहायचं मीच ठरवलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि माझा नवरा तोंडाने सांगायचा ते मला कागदावर त्याच्याहून बरं जमतं, हे मला तेव्हा कळलं. बाबली तळ्यात पोहते, तिच्यासाठी डॉक्टर आहे, गव्हर्नरसाहेब बघून गेले, दगडावर ऊन खात बसते. शाळेतले मास्तर काकीला ही पत्रं वाचून दाखवत. ती दर महिन्याला कुणा ना कुणाकडून सुकटीची पिशवी पाठवायची, बाबलीसाठी. ती आम्ही खाल्ली. काकीची सुकट चवीला फार छान असे.

तीन वर्षांनी तळं खरंच झालं. दक्षिणेकडून पाणमांजरांची जोडी आली. तळ्यातल्या पाणमांजरांचा नुसता फोटो पेपरात छापून आला, तो मास्तरांनी काकीला दाखवला, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या बोटीने काकी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. जन्मात वेंगुर्ल्यापलीकडे न गेलेली बाई. काशीराम हादरला. साहेबांबरोबर बाहेरगावी जायचं आहे, असं तिला सांगून सकाळीच पसार झाला, आणि तिला बागेत न्यायचं माझ्या गळ्यात आलं.

तिने बाजारातून शेवटा जातीचा एक ताजा मासा घेतला, आणि गावाहून आणलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला. त्याच हिरव्या लुगड्याचा, उरलेला. वाटेत तिने मला विचारलं, ओळखेल ना गो? मी म्हटलं, बघू.

तळ्याला कठडा होता आणि कठड्याला माणसं चिकटली होती. आत दोन पाणमांजरं पाण्यात उलटीसुलटी होत होती. काकी माणसांतून घुसली, कठड्यावर ओणवी झाली आणि टकटक करू लागली. जनावरांनी ढुंकून पाहिलं नाही. ती पुन्हा पुन्हा टकटक करत राहिली, मग हाका मारू लागली, बाबल्ये, बाबल्ये. लोक जनावरं सोडून तिच्याकडे बघायला लागले. एकाने तिची नक्कल केली आणि त्याची पोरं हसली. एक पाणमांजर वर आलं, त्याने काकीकडे क्षणभर बघितलं, आणि पलीकडे कुणी शेंगदाणे फेकले तिकडे वळलं.

अर्ध्या तासाने ती माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर घाम होता.

"प्रेमा, ह्या बाबलीच मां गो?"

एक शब्द पुरला असता. नाही. ही तुझी नव्हे काकी, तुझी अकरा दिवस उपाशी राहिली, तुझ्या लुगड्यात नाक खुपसून मेली, तुला ती विसरली नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मग काशीरामचं गटार आलं असतं, माझी पत्रं आली असती, सुकट आली असती, आणि शिमग्याला आम्हांला गावात तोंड दाखवता आलं नसतं.

"ताच ता, काकी," मी म्हटलं. "जनावराची जात. इसारला तुका."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कठडा सोडला आणि माझ्याबरोबर चालू लागली. हरणांच्या आवारापाशी आल्यावर तिने हातातली पुरचुंडी मासळीसकट उघड्या गटारात टाकली आणि मागे न बघता पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी परतीच्या बोटीने गेली, आणि संध्याकाळी काशीराम कामावरून आल्यावर म्हणाला, कुणीतरी चांगला शेवटा गटारात टाकला होता, खराट्याने लोटताना हिरवं लुगडं दिसलं. त्याने ते ओळखलं होतं. मी त्याला वाढलं, आणि तो जेवला.

पुढच्या शिमग्याला मांडावर काशीरामने नवा बेत सांगितला. आता मगरींसाठी मोठा हौद होणार, साहेबांनी त्यालाच विचारलंय. तुकाराम तांडेल हसला, म्हणाला, हे सगळं बघितलंय कुणी? काशीरामने बायकांकडे बोट केलं. "काकीक इचारा. तिना डोळ्यांनी बघितल्यान."

सगळे काकीकडे वळले. दिवाळीपासूनच्या चार महिन्यांत ती वाळून अर्धी झाली होती.

"होय, बघितलंय," ती म्हणाली. "तळा बरा आसा. काशीन पोटच्या चेडवासारख्या सांभाळल्यान. तेचो काय दोष नाय. ताच मेला माका इसारला."

काशीराम पुन्हा मगरींच्या हौदाच्या गोष्टीकडे वळला, आणि माझ्या शेजारी काकीने सवयीने जीभ टाळूला लावली आणि आवाज न करताच सोडून दिली.