पोरांचं पान

सिस्टर मार्था हंगेरीच्या. तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं त्यांचा अनाथाश्रम बंद करून पोरं ट्रकात घालून नेली. पुढं त्यांचं काय झालं, कुणी सांगितलंच न्हाई. सिस्टर सांगलीत मिशनच्या शाळेत शिकवायला आल्या, मी तिथं सैपाकाला.

मेल्याची तिथ ठावं नसली की सर्वपित्रीला जेवू घालत्यात. म्हणून त्र्याण्णव साली मी आमच्या पानाशेजारी त्या पोरांचंही पान मांडलं. कावळ्यांनी आमचं फस्त केलं. पोरांच्या पानाला शिवंनात.

"पोरांचं मन कशात तरी अडकलंय. काय तरी कबूल करा," मी म्हणलं.

सिस्टरांचा असल्यावर इस्वास न्हाई. तरी वाकून आपल्या भाषेत पुटपुटल्या. सगळे कावळे एकदम उतरले.

"काय कबूल केलंसा?"

सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"संध्याकाळी तुमच्याकडे येते, असं म्हणाले मी पोरांना."