डाव्या बाजूचं धुकं

लेखिकेची कादंबरी अर्ध्यावर अडकली होती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ती विणकामाच्या एका ऑनलाइन गटात शिरली. तिथे कुणी खरं नाव सांगत नसे. तिने 'गाठ' हे नाव घेतलं, कारण तिच्या लोकरीचा कायम गुंता व्हायचा. तिला टाके शिकवले ते 'दहाचाकी'ने. हा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि माल उतरेपर्यंत केबिनमध्ये बसून स्वेटर विणायचा.

"ताई, सुई इतकी आवळून धरू नका. ती काही पळून जात नाही," तो लिहायचा.

बदल्यात ती त्याला गोष्टी लिहायला शिकवायची. किस्से त्याच्याकडे पोत्याने होते. "दादा, पानभर हवामान नको, मुद्द्यावर या," असं तिने म्हटलं की तो मुकाट्याने काटछाट करायचा.

एका दुपारी त्याने नवी गोष्ट पाठवली. एका ड्रायव्हरच्या डाव्या आरशावर सारखं धुकं धरतं. तो आरसा पुसतो, पुन्हा पुसतो. मग त्याला कळतं की धुकं आरशावर नाहीच. तो कुणाला सांगत नाही. मान जास्त वळवायला शिकतो, वळणावर हॉर्न लांबवतो.

लेखिका खूश झाली. "आरसा पुसण्याची जागा फार छान. शेवटची दोन वाक्यं काढून टाका," तिने लिहिलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

ती चहा करायला उठली आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. गेले काही महिने त्याचे टाके गळत होते. गटात सगळ्यांनी त्याची थट्टाही केली होती. तिने परत येऊन विचारलं, "ही गोष्ट तुमची आहे का?"

"गोष्ट ती गोष्टच. तुम्हीच म्हणता ना, सगळं खरं नसतं."

लोकरीचं पार्सल पाठवताना त्याने नंबर दिला होता. तिने फोन लावला. मागे माल चढवण्याचा धडधडाट ऐकू येत होता.

"दादा, उजवा डोळा झाका आणि समोर काय दिसतं ते सांगा."

"निघायचंय मला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिला घर पुरेना. ती खिडकीशी जाई, फोन उचले, ठेवे. त्याच्या एका जुन्या फोटोत स्वेटरमागे ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव दिसत होतं. तिथे कळवावं का, असं तिने नवऱ्याला विचारलं.

"अगं, चेहरासुद्धा पाहिला नाहीस त्याचा," नवरा इस्त्री करता करता म्हणाला. "त्याच्या पोटावर पाय देशील. आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"चुकला तर माफी मागेन. पण बरोबर असला तर? कुणाच्या तरी अंगावर ट्रक जाईल, आणि मी त्याची वाक्यं सुधारत बसले होते!"

नवऱ्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. "मग लाव फोन," तो म्हणाला.

कंपनीतल्या बाईने त्याच्या फोन नंबरासकट सगळं टिपून घेतलं, कोण बोलतंय तेही विचारलं. लेखिकेने स्वतःचं खरं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गटात त्याचा मजकूर आला, सगळ्यांना दिसेल असा. "ताई, मी तुम्हाला गोष्ट वाचायला दिली होती. वाटायला नाही." आणि तो गट सोडून गेला. कुणी तिला चुगलखोर म्हटलं, कुणी शाबासकी दिली. तिला दोन्ही नको होतं. हातात सुया घेतल्या की टाके चुकायचे, कादंबरीचं पान उघडलं की अक्षरं नुसती पळायची. रस्त्यावर ट्रक दिसला की ती आधी त्याचा डावा आरसा बघायची.

बऱ्याच आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"लेकीच्या फोनवरून बोलतोय," तो म्हणाला. "काचबिंदू निघाला. डावा डोळा बहुतेक गेलाय. उजवा वाचेल म्हणतात, थेंब घालतोय. कंपनीने ट्रक काढून घेतला, आता गेटवर बसवलंय. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या आत घ्यायच्या."

"दादा, मी..."

"माफीबिफी मागू नका. रागावलोय मी अजून. त्या आठवड्यात शाळेच्या रस्त्याने फेरी होती माझी, हे डॉक्टरकडून परत येताना आठवलं. तरी राग आहेच. त्या गेटवर जिवाची नुसती घालमेल होते, ताई. पाय आपोआप ब्रेक शोधतो."

लेखिकेला खूप काही बोलायचं होतं. तिने एवढंच विचारलं, "डोळा दुखतो का?"

"रात्री दुखतो," तो म्हणाला, आणि मग बोलतच सुटला. थेंबांची जळजळ, जिन्यात लागलेली ठेच, लेक आता त्याचं ताटसुद्धा उजवीकडे सरकवते आणि तो तिच्यावर खेकसतो, हे सगळं. मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, जेवायला चला." तो म्हणाला, "थांब गं, बोलतोय ना मी."