दिवे वाढवायचे

काळुरामने दिव्याच्या कडीखालचा स्क्रू ढिला केला, काचेसकट कडी उचलून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. त्याची आई आवडाबाई पडवीत झोपली होती. चुलतभाऊ गोविंदा जेवून मिठागरावर गेला होता. गाडी आंब्याच्या सावलीत उभी होती, आणि तिच्यापुढे उकिडवा बसलेला काळुराम आपल्याच गाडीचा दिवा चोरासारखा खोलत होता.

स्क्रू हातातून निसटला. त्याने तळव्याने माती चाचपली, चाकामागे हात घातला, मग दुसऱ्या बाजूला. स्क्रू त्याच्या पायाशी उघड्यावर पडला होता. तो सापडल्यावर काळुरामने आंब्यालाच शिवी दिली. म्हणे सावलीत मेलं काही दिसत नाही.

आतला बल्ब नवा होता. त्याची काच स्वच्छ, पितळेची टोपी चकचकीत. गाडीचा जुना बल्ब असा नव्हता, तो धुरकटलेला होता. काळुरामने वाकून आणखी आत पाहिलं. मागून येणारी तारही नवी होती आणि जुन्या तारेच्या दुप्पट जाड होती.

"सापडलास," तो पुटपुटला.

संशय हा काळुरामचा जुना सोबती. गवळ्याने एखाद्या दिवशी दूध घट्ट घातलं, तर आज याला आपल्याकडून काय हवंय याचा तो दुपारपर्यंत विचार करायचा. पण या वेळी त्याच्या संशयाला भरभक्कम कारण होतं. चार दिवसांपूर्वी तो ठाण्याला टेंभी नाक्याजवळ चहा पीत बसला होता. हॉटेलच्या पत्र्यापलीकडे दौलत मिस्त्रीचं गॅरेज. पत्र्यातून गोविंदाचा आवाज आला आणि काळुरामची बशी ओठाशीच राहिली.

"दोन्ही दिवे वाढवायचे. पन दादाला यातला काय कलला नाय पायजे."

"उद्या काही झालं तर माझं नाव घेऊ नका," दौलत म्हणाला होता.

"माज्यावर घेतो ना मी. तो संध्याकालचा बांधावरनंच येतो. लवकर करा."

काळुरामने चहा तसाच टाकला होता. त्यानंतर संध्याकाळी त्याने गाडी काढलीच नव्हती; काल मात्र गोविंदा ती ठाण्याला घेऊन गेला होता.

त्यांच्या घरात दिवा कधी कोणी विझवला नाही. दिवा वाढवला. बांगडी फुटली नाही, वाढली. लहानपणी एकदा फुंकर मारून त्याने मोठ्या तोंडाने "दिवा विझवला" असं सांगितलं, तेव्हा आवडाबाईने त्याच्या गालावर पाचही बोटं उठवली होती. "विझला काय म्हनतंस, मेल्या? वाढवला म्हन!" आणि बापाला उचलून नेलं त्या दुपारी बायकांनी आईच्या हातातला चुडा वाढवला, तेही त्याने उंबऱ्यात उभं राहून पाहिलं होतं. हा शब्द कुठे कुठे वापरतात ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन्ही दिवे वाढवायचे. खाडीच्या बांधावर. संध्याकाळी.

कारणही उघड होतं. मिठागर दोघांचं सामायिक. कारखानेवाल्यांना ती जागा हवी होती. गोविंदा म्हणत होता देऊन टाकू, काळुराम म्हणत होता माझ्या पश्चात. काळुरामला मूलबाळ नव्हतं, बायको जाऊनही वर्षं झाली होती. त्याच्या पश्चात म्हणजे गोविंदाच.

शिवाय त्या कंदिलाचं होतंच. पावसाळा सरल्यापासून काळुराम ठाण्याहून परतायचा तेव्हा बांधाच्या वळणावर, जिथे एका हाताला मिठाचे वाफे आणि दुसऱ्या हाताला खाडीचा खोल चिखल, तिथे गोविंदा कंदील घेऊन उभा असायचा. विचारलं तर म्हणायचा, चिंबोऱ्या धरतोय. घरी मात्र आजवर एक चिंबोरी आली नव्हती. मग रोज तिथे उभं राहून हा काय पाहतो? चाक कडेपासून किती अंतरावरून जातं, तेच ना?

काळुरामने बल्ब दाबून जरा फिरवला, तसा तो सुटून हातात आला. दुसऱ्या दिव्यातलाही काढला. मग त्याने गाडीत शोधाशोध केली, आणि मागच्या बैठकीखाली एका फडक्यात नीट बांधून ठेवलेले जुने बल्ब त्याला मिळाले. इतकं जपून लपवलेलं पाहून उरलीसुरली शंकाही गेली. नवे पेटवून पाहावेत असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण त्यात काय अर्थ होता? अंगणात पेटतीलच. वाढायचे ते बांधावर.

त्याने जुने बल्ब बसवले, नवे रुमालात गुंडाळून खिशात टाकले. ते दौलत मिस्त्रीच्या नाकासमोर धरायचे आणि त्याच्या तोंडून सगळं वदवून घ्यायचं, असं त्याने ठरवलं. त्याचं काळीज मात्र जड झालं होतं. गोविंदाला त्यानेच खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

तो हात धूत होता तेवढ्यात गोविंदा आला, पोटऱ्यांपर्यंत मीठ चिकटलेला.

"ठाण्याला निघालोय," काळुराम म्हणाला. "तूही चल."

त्याने मनात म्हटलं, निर्दोष असेल तर बसेल गाडीत.

"मी नाय रे दादा. मिठागरावर मानसं थांबलीत."

"मग संध्याकाळी वळणावर असशीलच. चिंबोऱ्यांना."

गोविंदा हसला. मोकळं, खुशीत हसला.

"आता काय गरज नाय त्याची," तो म्हणाला.

गरज नाही, म्हणजे आजच, असं काळुरामने धरलं. त्याने गाडी सुरू केली.

दौलत मिस्त्री एका लॉरीखाली झोपून काम करत होता. काळुरामचे जोडे ओळखून तो घसरत बाहेर आला आणि चिंधीने हात पुसू लागला. काळुरामचा हात खिशातल्या रुमालावर होता. पण त्याने तोंड उघडायच्या आधीच दौलतने विचारलं.

"काय काळुशेठ, उजेड कसा पडतो आता?"

"कसला उजेड?"

"म्हणजे अजून संध्याकाळची चालवली नाही? अहो, चांगले वाढवलेत दिवे. पहिले अगदीच मिणमिणते होते, आता दीडपट उजेड. लॉरीला घालतात तसले बल्ब आहेत. आपल्या बॅटरीला भार जास्त होईल, बंद पडली तर माझं नाव घेऊ नका, असं मी गोविंदशेठना आधीच सांगितलं होतं. म्हणून तर जाड तार ओढून दिली."

वाढवलेत. सरळसाधा शब्द. पगार वाढवतात, भिंत वाढवतात, तसे दिवे वाढवले होते. चार दिवस तो हा शब्द उराशी धरून जळत होता आणि त्याचा हा अर्थ त्याला एकदाही सुचला नव्हता.

"मग मला सांगायचं नाही असं का म्हणाला तो?"

"तुम्हाला कळलं वाटतं," दौलत ओशाळून म्हणाला. "ते म्हणत होते, दादाला संध्याकाळचं जरा..." आणि तिथेच थांबला. हात पुसून झाले होते, तरी चिंधी फिरवत राहिला. "बसा की. चहा मागवतो."

"नको," काळुराम म्हणाला.

बल्ब खिशातच राहिले. आपणच काढले आणि कशासाठी काढले, हे दौलतला कोणत्या तोंडाने सांगायचं? घरी जाऊन गुपचूप बसवून टाकू, असा विचार करून तो निघाला. दादाला संध्याकाळचं जरा. जरा काय? डोळे त्याचे चांगले होते. गोठ्याचा खांब गाडीला घासला तो ब्रेकमुळे. शेजाऱ्याच्या कुंपणाची मेढ मोडली ती मुळात वाकडीच होती.

बांधावर आला तेव्हा सूर्य बुडाला होता, पण आभाळात अजून लाली होती. दुसऱ्या कोणालाही रस्ता दिसला असता. काळुरामला समोर एक राखाडी पट्टा दिसत होता, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा कुठे संपतात ते कळत नव्हतं. जुन्या बल्बचा पिवळा उजेड गाडीच्या नाकापुढेच सांडत होता. त्याने वेग कमी केला, मग आणखी कमी केला, आणि सवयीप्रमाणे कंदील शोधू लागला. कंदील दिसला की तो डावीकडे ठेवून चाक फिरवायचं. रोज असंच करत होता तो.

कंदील नव्हता.

काळुरामने ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन थांबली. वळण पुढे होतं की येऊन गेलं होतं? खाली कुठेतरी चिखलात पाणी बुडबुडत होतं, आणि तो आवाज त्याला फार जवळून आला. रोज याच ठिकाणी तो त्या उजेडाकडे संशयाने पाहत आला होता, आणि पाहत पाहत सुखरूप घरी गेला होता. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली.

त्याने भोंगा दाबला. दाबूनच धरला.

मिठागराकडून एक ठिपका हलत हलत आला. गोविंदा धापा टाकत होता.

"दादा! काय जाला? दिवे वाढले काय?"

काळुराम खाली उतरला.

"मीच वाढवले," तो म्हणाला आणि खिशातून रुमाल काढून उघडला.

गोविंदाने बल्ब पाहिले. गाडीचे मिणमिणते दिवे पाहिले. मग दादाच्या तोंडाकडे पाहिलं. काळुराम प्रश्नाची वाट बघत राहिला. गोविंदाने कंदील उचलून दिव्याजवळ धरला, एवढंच.

काळुरामने आतलं बटण बंद केलं, कडी काढली, जुना बल्ब काढला, नवा लावू लागला. टोपीच्या खुंट्यांना खाच सापडेना. गोविंदाने कंदील आणखी जवळ आणला, अगदी काळुरामच्या हाताला ऊब लागेपर्यंत. तरी सापडेना. शेवटी काळुरामने बल्ब त्याच्या हातात दिला आणि कंदील स्वतः घेतला.

दोन्ही बल्ब बसले. गोविंदाने आत हात घालून बटण ओढलं आणि पांढरा लख्ख उजेड बांधावर पडला. वळण गाडीपासून फार तर सात-आठ हातांवर होतं. त्याची कड, कडेवरचं गवत, सगळं काळुरामला स्पष्ट दिसलं. आणि ऐन वळणावर, गवत तुडवून तुडवून माती उघडी पडलेली, माणूस उभा राहील एवढी जागा. तिथे आगपेटीच्या जळक्या काड्या विखुरल्या होत्या.

काळुरामने त्या जागेकडे बोट केलं.

"चिंबोऱ्या मिळायच्या का रे?"

"एकपन नाय," गोविंदा म्हणाला.

काळुरामने कंदील वर धरला. आईचा शब्द ओठावर घेऊन हळूच फुंकर घातली. मग गाडीला वळसा घालून तो डावीकडच्या दाराशी आला, दार उघडलं आणि आत बसला. चालकाची जागा मोकळी राहिली. गोविंदा बाहेर उभाच होता.

"बघतोस काय?" काळुराम म्हणाला. "तू चालव."