न आल्याची खबर

ॲप बनवून पोट भरणारा मी. आणि मला रडकुंडीला आणलं ते मीच आईसाठी बनवलेल्या ॲपनं.

गेल्या वर्षी आई पूर्णेच्या घरी न्हाणीत पडली. घरात एकटीच. शेजारच्या शिवकन्याताईंना कळायला चार तास लागले, आणि मी पुण्यात. ते चार तास अजून माझ्या छातीवर बसलेत. म्हणून हे ॲप. फोन कमरेच्या पिशवीत. आई पडली की मला लगेच निरोप.

पण ॲपच बंद पडलं तर? मेलेला माणूस ‘मी मेलो’ म्हणून सांगायला येत नाही, तसंच हे. वडील, तात्याराव, रेल्वेत रुळांवर गस्तीला होते. समोरचा गस्तवाला ठरल्या वेळेला आला नाही, की हे स्टेशनात कळवायचे. “न येनं हीच खबर,” म्हणायचे. मी तेच केलं. ॲपनं दर दहा मिनिटांनी हजेरी द्यायची. हजेरी चुकली की माझा फोन बोंबलणार.

तो रोज चारच्या सुमारास बोंबलायला लागला. मी मीटिंग टाकून जिन्यात पळायचो.

“आई! पडली न्हाईस ना?”

“न्हाई रे सिद्धोधन. बरी हाय. जेवलास का?”

“ॲप बोटानं सारून बंद केलंस का?”

“बोट लागलं आसंल.”

महिनाभर हेच. साहेबांची बोलणी खाल्ली, एकदा आईवरही खेकसलो. अगदी वीट आला. शेवटी तोड काढली: माणसानं बोटानं सारलं तर ॲप जाता जाता तेवढं कळवून जातं, बॅटरी वाचवायला फोननंच बंद पाडलं तर मुकाट मरतं. बोटानं सारलेलं असेल तर बोंबलायचं नाही, ॲपनं गुपचूप पुन्हा सुरू व्हायचं.

आठ दिवस एकदम शांतता. त्या शांततेत आईला फोन करायचंही सुचलं नाही, हे खरं सांगायला हवं.

शनिवारी पूर्णेला गेलो. जयभीम केला, टेकलो, तोच आईनं फोन पुढे केला.

“आदी हे दुरुस्त कर. बिघडलंय.”

“काय झालं?”

“आठ दिस झाले, रोज चारला सारायलेय. तुजा फोनच येइना.”



“म्हंजे तू मुद्दाम सारायचीस?”

“मंग? मी फोन केला की तू म्हनतोस, आई, कामात हाय, रविवारी करतो. हे सारलं की तू आपनहून करायचास.” तिनं पदरानं फोनची काच पुसली. “लय घाबरून बोलायचास. पर बोलायचास.”